घर लेकींना, पदवी भाऊबंदांना: वेस्टपोर्टच्या ब्राऊन घराण्याचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयो परगण्यात, क्ल्यू बे नावाच्या खाडीच्या टोकाशी वेस्टपोर्ट हाऊस हा वाडा आहे. तीनशेहून अधिक वर्षं तो ब्राऊन या अँग्लो-आयरिश सरदार घराण्याकडे होता. या घराण्याचे अकरावे मार्क्वेस ऑफ स्लायगो (मार्क्वेस ही सरदारकीची वंशपरंपरेने चालणारी पदवी), जेरेमी ब्राऊन (१९३९–२०१४), यांना पाच मुली झाल्या, मुलगा नाही. वाडा ज्या विश्वस्त-दस्ताने जखडलेला होता, त्यानुसार तो पुरुष वारसाकडे जायचा होता. १९९३ साली त्यांनी आयर्लंडच्या संसदेकडून या एका दस्तापुरता कायदा करून घेतला आणि घर मुलींकडे जाण्याची वाट मोकळी केली. २०१७ साली घर विकलं गेलं.

मुली हयात आहेत, सार्वजनिक पदावर नाहीत, म्हणून त्यांची नावं इथे घेतलेली नाहीत. ज्या चुलतभावाकडे पदवी गेली त्याचंही नाही.

ही हकिगत कुणी मुलींच्या विजयाची म्हणून सांगतं, कुणी सरंजामी वैभवाच्या अस्ताची म्हणून. मला त्यात वारसा-नियोजनाचं एक अगदी व्यवहारी प्रकरण दिसतं. 'कोणाला मिळणार' हा प्रश्न या कुटुंबाने फार हुशारीने सोडवला. 'मिळणार म्हणजे नेमकं काय, आणि त्याच्या डोक्यावर किती देणं' हा प्रश्न मागे राहिला.

पार्श्वभूमी

घराण्याचा पाया घातला तो कर्नल जॉन ब्राऊनने, सतराव्या शतकात. माणूस कॅथलिक, वकिली डोक्याचा आणि कायम कर्जात. त्याची बायको मॉड बर्क ही सोळाव्या शतकातली दर्यावर्दी सरदारीण ग्रेस ओ'मॅली हिच्या वंशातली. वाडा उभा आहे तो ओ'मॅलींच्या जुन्या गढीच्या जागेवर. गढीची तळघरं आजही खाली आहेत. म्हणजे कहाणीच्या पहिल्याच पानावर एक बाई आहे, आणि या घराला ग्रेस ओ'मॅलीचं नाव सांगता येतं ते मॉडमुळे. पुढे मुलींच्या हक्कावरून जे झालं ते पाहताना हे विसरू नये.

इंग्लंडच्या गादीसाठी विल्यम आणि जेम्स या दोन राजांत झालेल्या लढाईत कर्नल हरणाऱ्या जेम्सच्या बाजूला होता. १६९१ साली लिमरिकचा तह झाला. त्या तहाचं तेरावं कलम खास या कर्नलच्या देण्याबद्दल आहे: त्याच्या प्रोटेस्टंट धनकोंचे पैसे कसे भागवायचे, याची तजवीज. दोन फौजांमधल्या तहात एका माणसाच्या कर्जाला स्वतंत्र कलम! तरीही त्याला बरीच जमीन विकावी लागलीच.

पुढे १७०४ चा कायदा आला. कॅथलिक जमीनदार वारला की त्याची जमीन सगळ्या मुलांत वाटली जाणार. मात्र थोरला मुलगा सरकारमान्य प्रोटेस्टंट चर्चमध्ये गेला, तर सगळी त्याची. मोठ्या जमिनींचे तुकडे पाडून कॅथलिकांची ताकद मोडायची, हा उघड हेतू. कर्नलचा नातू जॉन प्रोटेस्टंट म्हणून वाढला. १७३० च्या सुमारास त्याने रिचर्ड कॅसल्स या जर्मन वास्तुविशारदाकडून आजच्या वाड्याचा दर्शनी भाग बांधून घेतला आणि १७७१ साली तो अर्ल ऑफ आल्टामॉन्ट झाला. वारसाहक्काच्या कायद्यापुढे या घराण्याने एकदा धर्मच बदलला होता. १९९३ मध्ये कायदा बदलला. दोन्ही वेळी हेतू एकच, मालमत्ता एकसंध ठेवायची.

त्याच्या मुलाने १७५२ साली एलिझाबेथ केलीशी लग्न केलं. तिचे वडील डेनिस केली जमैकाचे सरन्यायाधीश, तिथल्या उसाच्या मळ्यांचे आणि त्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांचे मालक. ते मळे ब्राऊनांकडे आले. पुन्हा एका मुलीच्या हातून. १८०० साली आयर्लंडची स्वतंत्र संसद गुंडाळून ब्रिटनशी एकीकरण करण्याच्या बाजूने घराणं उभं राहिलं आणि बक्षीस म्हणून मार्क्वेस ऑफ स्लायगो ही पदवी मिळाली. या पहिल्या मार्क्वेसचा भाऊ डेनिस ब्राऊन याने ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १७९८ च्या उठावानंतर इतके बंडखोर फासावर चढवले, की लोक त्याला 'दोरीवाला डेनिस' म्हणू लागले. वाड्याच्या पर्यटक-पत्रकांत हे नाव अर्थातच फार ठळक नसणार.

दुसरा मार्क्वेस, हाऊ पीटर ब्राऊन, याच्यापाशी थोडं थांबायला हवं. कवी बायरनचा मित्र, तरुणपणी ग्रीसमध्ये उत्खननाच्या नादाने हिंडलेला. मायसीनीतल्या 'अत्रेयसचा खजिना' नावाच्या प्राचीन थडग्याच्या दारावरचे कोरीव खांब त्याने उचलले, जहाजावर चढवले आणि घरी आणले. त्या जहाजावर त्याने ब्रिटिश आरमारातले खलाशी फूस लावून कामाला ठेवले होते. युद्ध चालू असताना हा मोठा गुन्हा. १८१२ साली खटला झाला, चार महिने लंडनमधल्या न्यूगेटच्या तुरुंगात काढावे लागले. खटल्याला बसलेले न्यायाधीश सर विल्यम स्कॉट यांचं पुढच्याच वर्षी लग्न झालं ते या आरोपीच्या विधवा आईशी. खांब मात्र वाड्याच्या तळघरात पडून विसरले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते सापडले आणि आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हाच उनाड मुलगा १८३४ साली जमैकाचा गव्हर्नर झाला. स्वतः मळ्यांचा मालक असून तो गुलामीतून सुटणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिला, मळेवाल्यांशी त्याचं बिनसलं आणि दोन वर्षांत परतावं लागलं. मुक्त झालेल्या गुलामांची तिथली पहिली वसाहत आजही त्याच्या नावाने स्लायगोव्हिल म्हणून ओळखली जाते.

तिसऱ्या मार्क्वेसच्या वाट्याला बटाट्याचा दुष्काळ आला. मेयोची लोकसंख्या १८४१ मध्ये ३ लाख ८८ हजार होती, १८५१ मध्ये २ लाख ७४ हजार उरली. खंड येईना, कर मात्र भरावे लागत. त्याने वाडा बंद केला, धान्य आणवलं, कर्ज काढलं. आणि नंतर कुळांना जमिनीवरून काढलंही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या. १८७० च्या दशकात घराण्याकडे मेयोमध्ये सुमारे १ लाख १४ हजार एकर जमीन होती. १८७९ च्या जूनमध्ये आयरिश नेता पार्नेल याने याच वेस्टपोर्ट गावातल्या सभेत कुळांना आपापली घरं आणि शेतं घट्ट धरून ठेवा म्हणून सांगितलं. पुढच्या पस्तीसेक वर्षांत जमीनसुधारणेच्या कायद्यांनी बहुतेक जमीन कुळांकडे गेली. हे उचितच होतं. पण वाड्याच्या हिशेबात त्याचा अर्थ असा, की खंडावर चालण्यासाठी बांधलेलं घर खंडाशिवाय उरलं.

अडचण

१९२० ते १९२३ च्या, स्वातंत्र्ययुद्धाच्या आणि यादवीच्या, धामधुमीत आयर्लंडमध्ये जमीनदारांचे पावणेतीनशेच्या आसपास वाडे जाळले गेले. वेस्टपोर्ट वाचलं. त्याला खरा फटका बसला तो मृत्युकराचा. १९५१ मध्ये आठवे मार्क्वेस वारले, १९५२ मध्ये नववे. घराणं सावरायच्या आतच दुसरा हिशेब दारात.

या दोघांची नावं वंशावळीत शोधली की एक गंमत दिसते. पदवी बापाकडून मुलाकडे सरळ उतरण्याऐवजी वारंवार आडवी सरकलेली आहे. तिसऱ्या मार्क्वेसनंतर ती भावाकडे गेली. चौथ्यानंतर आणखी एका भावाकडे, हेन्री युलिक ब्राऊनकडे, ज्याची नोकरी बंगालमध्ये मुलकी अधिकारी म्हणून झाली होती. पुढे त्याच्या नातवानंतर ती काकाकडे आली, मग त्या काकाच्या भावाकडे, मग पुतण्याकडे. हा पुतण्या म्हणजे दहावे मार्क्वेस, जेरेमींचे वडील. थोडक्यात, ज्या पुरुष-वारसाच्या नियमाने पाच मुली बाहेर पडणार होत्या, त्याच नियमाने त्यांच्या आजोबांना घरात आणलं होतं.

१९६० साली वाडा तिकीट लावून लोकांसाठी उघडला. जेरेमी तेव्हा एकविशीत होते. तिथून पुढे त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने ते घर अक्षरशः चालवलं. तळ्यात हंसाच्या आकाराच्या पायडल बोटी, छोटं प्राणीसंग्रहालय, तंबू आणि कॅराव्हॅनसाठी जागा, दुकानं. सरदाराच्या घरी असली जत्रा! कपाळाला आठ्या पडणारच. पण ज्यांनी आठ्या घातल्या त्यांतल्या कित्येकांचे वाडे तोवर विकले गेले होते. डब्लिनजवळचं पॉवरस्कोर्ट १९६१ मध्ये गेलं, आयर्लंडमधला बहुधा सगळ्यात देखणा वाडा असलेलं कॅसलटाउन १९६५ मध्ये.

मुली याच वातावरणात वाढल्या. आणि दस्त म्हणत होता की वडिलांच्या पश्चात घर दूरच्या पुरुष वारसाचं. तो चुलतभाऊ राहायला ऑस्ट्रेलियात.

कोणते पर्याय समोर होते

संस्थानांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाच्या मनात पहिला प्रश्न येईल तो दत्तकाचा. इथे दत्तकाचा उपयोग नव्हता. ब्रिटिश आणि आयरिश सरदारकीच्या पदव्या औरस वंशजालाच मिळतात, दत्तक मुलाला नाही. शिवाय कुटुंबाला आणखी एक मुलगा नकोच होता. त्यांना ज्या होत्या त्या मुलींना घर द्यायचं होतं.

काहीच न करणं हा दुसरा पर्याय, आणि अशा घराण्यांत तोच सर्रास निवडला जातो. नियम पाळायचा, मुलींना थोडी रोकड द्यायची. त्यामागे एक समजूत असते: पुरुष-वारसाचा नियम घर टिकवतो. तो टिकवतोच असं नाही. लीन्स्टरच्या ड्यूकांचं उदाहरण आयर्लंडमध्ये सगळ्यांना पाठ आहे. दोन भाऊ पुढे असल्यामुळे आपला नंबर येणार नाही असं धरून तिसऱ्या मुलाने, एडवर्ड फिट्झजेराल्डने, आपला भविष्यातला हक्क एका श्रीमंत गृहस्थाला विकला. मोबदल्यात कर्जफेड आणि वर्षाला हजार पौंड. एक भाऊ पहिल्या महायुद्धात मारला गेला, दुसरा १९२२ मध्ये वारला. एडवर्ड सातवा ड्यूक झाला आणि कार्टनचा वाडा घराण्याच्या हातून गेला. वंश पुरुषाचा, नियम शाबूत, घर गेलं.

तिसरा पर्याय, संबंधित पुरुष वारसाशी तडजोड. सोपा वाटतो, पण दस्तातला हक्क फक्त आज हयात असलेल्या चुलतभावाचा नव्हता. त्याच्या मागे न जन्मलेले वारसही होते, आणि त्यांच्या वतीने सही करणार कोण? इंग्लंडमध्ये १९५८ पासून अशा वेळी न्यायालय न जन्मलेल्यांच्या वतीने संमती देऊ शकत होतं. आयर्लंडमध्ये न्यायालयांना तो अधिकार मिळाला २००९ च्या जमीनविषयक सुधारणा कायद्याने. या कुटुंबासाठी पंधरा-सोळा वर्षं उशिरा.

घर विकून पैसे वाटणं हा चौथा. त्यात दस्ताचा अडसर होताच, आणि तीस वर्षं राबून उभं केलेलं काम मोडायचं होतं.

उरला शेवटचा मार्ग: संसदेत खासगी विधेयक.

काय केलं

आयरिश संसदेत खासगी विधेयक म्हणजे कुणा एका सदस्याने मांडलेलं नव्हे. एखादी व्यक्ती, कुटुंब किंवा संस्था यांच्यापुरता कायदा. त्याची सुरुवात वरिष्ठ सभागृहात, सेनाडमध्ये, होते. ज्याच्या हक्काला बाध येतो त्याला दोन्ही सभागृहांच्या समितीपुढे हरकत घेता येते. काम वेळखाऊ, खर्चिक, आणि स्वतंत्र आयर्लंडच्या इतिहासात क्वचितच झालेलं. 'आल्टामॉन्ट (विश्वस्त-दस्त दुरुस्ती) कायदा, १९९३' असा तो कायदा झाला. राष्ट्राध्यक्षपदी तेव्हा मेरी रॉबिन्सन होत्या, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष, त्याही मेयोच्याच.

निर्णयाचा खरा कस इथे होता, आणि इथे जेरेमींना दाद द्यायला हवी. घर आणि पदवी या दोन गोष्टी त्यांनी मनाने वेगळ्या केल्या. पदवी १८०० साली ब्रिटनच्या राजाने दिलेली. तिच्या वारसाहक्कात आयर्लंडच्या संसदेला हात घालता येत नव्हता, आणि आयरिश राज्यघटना तर राज्याने सरदारकी बहाल करूच नये असं म्हणते. म्हणून पदवीचा विषय त्यांनी सोडून दिला. दगड, छप्पर, तळं, जमीन एवढंच मागितलं. 'मार्क्वेसच्या घरात मार्क्वेस नसेल तर ते घर कसलं' असं म्हणणारे लोक असतात. अशा भावनेपायी घर आणि माणसं दोन्ही अडकतात. पायडल बोटींचं तिकीट काढणाऱ्याला घरात कुठल्या क्रमांकाचा मार्क्वेस राहतो याच्याशी काही देणंघेणं नसतं, हे तीस वर्षं गल्ला सांभाळणाऱ्या माणसाला बरोबर कळलं होतं.

परिणाम

जेरेमी त्यानंतर एकवीस वर्षं जगले. पाचपैकी दोन मुली कारभारात उतरल्या. ग्रेस ओ'मॅलीच्या नावाचा उपयोग करून मुलांसाठी समुद्री चाच्यांचं साहस-उद्यान उभं राहिलं, आवारात तिचा ब्राँझचा पुतळा बसवला गेला. उन्हाळ्यात गर्दी व्हायची, पावसाळी हंगामात छपराचा खर्च.

मग २००८ चं आर्थिक संकट. आयर्लंडमध्ये तेजीच्या वर्षांत बँकांनी जमिनीवर आणि इमारतींवर सढळ हाताने कर्जं दिली होती. बँका कोसळायला लागल्यावर सरकारने २००९ मध्ये 'नामा' ही संस्था काढली आणि बुडीत किंवा बुडू घातलेली मोठी कर्जं तिच्याकडे घेतली. वेस्टपोर्टवरचं कर्जही त्यांत गेलं. ओळखीच्या बँक-अधिकाऱ्याशी बोलून मुदत वाढवून घेणं आणि वसुलीसाठीच जन्मलेल्या संस्थेशी बोलणं यांत फरक असतो.

२०१४ मध्ये जेरेमी वारले. पदवी ऑस्ट्रेलियाला गेली. घर मुलींकडे आलं, कायद्याने म्हटल्याप्रमाणे. पण कर्ज घेऊन आलं. २०१६ मध्ये ते विक्रीला निघालं आणि २०१७ च्या सुरुवातीला भोवतालच्या चारशेहून अधिक एकरांसह वेस्टपोर्ट गावातल्याच एका उद्योजक कुटुंबाने विकत घेतलं. परदेशी कंपनीकडे न जाता घर गावात राहिलं, याचं स्थानिकांना समाधान वाटलं. जमीन कुळांकडे जाऊन शंभरेक वर्षं झाली होती. आता वाडाही गावकऱ्याकडे गेला.

निर्णयाचे टप्पे, आणि वेगळं काय करता आलं असतं

१९६० चा निर्णय, म्हणजे घर उघडणं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी चर्चिला गेलेला. तो झाला नसता तर १९९३ मध्ये भांडायला घरच उरलं नसतं.

१९९३ चा निर्णय बरोबरच होता. त्याबद्दल कुरकुर एवढीच, की त्या वेळी दस्त उघडलाच होता तर त्यात फक्त वारसाचं लिंग बदलून थांबायचं कारण नव्हतं. धंद्याची कंपनी वेगळी, घराची मालकी वेगळी, आणि धंद्याच्या कर्जाला घर तारण ठेवायचं नाही, अशी भिंत त्याच वेळी उभारण्याचा विचार करता आला असता. अर्थात बँक त्यावर म्हणाली असती: मग तारण काय? उद्यानातली झोपाळ्याची बोट? कर्ज कमी मिळालं असतं, वाढ मंदावली असती. १९९३ मध्ये बसून २००८ दिसत नव्हतं, हेही खरं. पण तीनशे वर्षं टिकलेल्या घराने एका तेजीच्या भरवशावर बसणं हा जुगारच. कर्नलच्या काळातल्या तेराव्या कलमाची आठवण इथे नाइलाजाने येते. या घराण्याला राजाने, बंडाने, दुष्काळाने हलवलं, पण सुरुवातीला जमीन आणि शेवटी घर हातचं गेलं ते देण्यापायी.

दुसरी गोष्ट पाच जणींची. पुरुष-वारसाचा नियम अन्याय्य होता, पण त्याने एक प्रश्न मिटवलेला असायचा: निर्णय एकाचा. आता हक्कदार पाच, प्रत्येकीचं आयुष्य वेगळं, आणि मालमत्ता अशी की तिचा पाचवा हिस्सा कापून देता येत नाही. जिना पाच जणींत वाटणार कसा? बाहेर पडू इच्छिणारीला कुणी, किती वर्षांत, कुठल्या मूल्यांकनाने पैसे द्यायचे, याचा लेखी करार वडील हयात असताना व्हायला हवा. असा करार इथे होता की नाही, हा कुटुंबाचा खासगी मामला. पण या प्रकारच्या कुठल्याही घरात मी सल्लागार असतो तर विधेयकाच्या मसुद्याइतकाच वेळ त्याला दिला असता.

तिसरा मार्ग, घर धर्मादाय न्यासाकडे किंवा सरकारकडे सोपवून मुलींना तिथे राहण्याचा किंवा कारभाराचा हक्क ठेवणं. कागदावर हा फार शहाणपणाचा वाटतो. अडचण अशी, की न्यास घर घेताना सोबत देखभालीचा निधी मागतो, आणि ज्याच्याकडे तेवढी रोकड असते त्याला घर सोपवायची गरज पडत नाही. कर्ज डोक्यावर नसताना, म्हणजे तेजीच्या आधी, याची बोलणी झाली असती तर निदान अटी कुटुंबाला घालता आल्या असत्या. २०१४ नंतर त्या धनकोच्या हातात होत्या.